शोधनिबंधातला आलेख आपल्या लॅपटॉपवर: नेटवर्क हाताने शिकण्याची पद्धत

इंजिनीअरिंगला कॉम्प्युटर नेटवर्क्स हा विषय झालेल्या कोणालाही ओएसआयचे सात थर झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरमध्ये दोन राउटर जोडले, हिरवे दिवे लागले, स्क्रीनशॉट जर्नलमध्ये चिकटवला की सबमिशनही होतं. पण घरात कुणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली की आपला व्हिडिओ कॉल नेमका किती अडखळेल, हे आकड्यात सांगा म्हटलं की बरेच जण गप्प होतात. सिलॅबस पूर्ण होतो आणि हा प्रश्न तसाच राहतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सीएस २४४ या पदव्युत्तर कोर्सने यावर एक चांगला उपाय काढला. २०१२ च्या सुमारास निक मॅकिओन यांच्या वर्गात असं ठरलं, की विद्यार्थ्यांनी नेटवर्कवरचा एखादा प्रसिद्ध शोधनिबंध निवडायचा आणि त्यातला एखादा महत्त्वाचा आलेख स्वतः प्रयोग करून पुन्हा काढून दाखवायचा. हे शक्य झालं ते मिनिनेटमुळे. बॉब लँट्झ, ब्रँडन हेलर आणि मॅकिओन यांनी २०१० मध्ये मांडलेली ही प्रणाली एकाच लिनक्स मशीनवर होस्ट, स्विच आणि लिंक यांचं अख्खं नेटवर्क उभं करते. त्या नेटवर्कमध्ये चालणारं टीसीपी (डेटा क्रमाने आणि न गळता पोचवणारा प्रोटोकॉल) म्हणजे लिनक्सच्या कर्नलमधलं खरंखुरं टीसीपी असतं.

हीच पद्धत घरी, एका लॅपटॉपवर, एखाद्या सेमिस्टरएवढ्या वेळात कशी राबवायची ते इथे क्रमाने देतो. नियम एकच आहे आणि त्यात सूट नाही. कोणताही प्रयोग चालवण्याआधी उत्तर काय येईल ते वहीत आकड्यात लिहायचं. "वेळ वाढेल" असं लिहून भागणार नाही, किती मिलिसेकंद वाढेल ते लिहायचं. अंदाज आणि निकाल यांत जो फरक पडतो, खरं शिक्षण त्यातच आहे.

तयारी

आठ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. त्यावर उबंटू थेट टाका, नाहीतर विंडोजवर व्हर्च्युअल मशीन करून त्याला किमान दोन कोअर आणि चार जीबी द्या. विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलच्या भानगडीत शक्यतो पडू नका. कर्नलचे जे भाग आपल्याला लागतात ते तिथे असतीलच असं नाही, आणि मग नेटवर्कऐवजी कर्नल बांधण्यातच आठवडा जातो. मिनिनेट, वेग मोजायला आयपर्फ३, पॅकेटं पकडून बघायला टीसीपीडम्प आणि वायरशार्क, नेटवर्क इंटरफेसच्या सेटिंग बदलायला एथटूल आणि आलेख काढायला पायथनचं मॅटप्लॉटलिब एवढं इन्स्टॉल करा. ट्रॅफिकला उशीर लावणारं, वेग बांधणारं 'टीसी' आणि टीसीपीच्या पोटातले आकडे दाखवणारं 'एसएस' उबंटूमध्ये आधीच असतं. पायथन जेमतेम येत असलं तरी चालेल.

पहिली पायरी: मिनिनेटशिवाय दोन होस्ट

थेट मिनिनेटवर उडी मारू नका. आधी हाताने दोन नेटवर्क नेमस्पेस तयार करा. प्रत्येक नेमस्पेस म्हणजे स्वतःचा रूटिंग टेबल, स्वतःचा एआरपी टेबल (कोणत्या आयपी पत्त्याचा मॅक, म्हणजे हार्डवेअरचा, पत्ता कोणता याची यादी) आणि स्वतःचे इंटरफेस असलेला स्वतंत्र होस्टच. दोघांमध्ये एक व्हीएथ जोडी टाका, तीच त्यांच्यातली वायर. एका टोकाला १०.०.१.१, दुसऱ्याला १०.०.१.२ द्या आणि दोन्ही इंटरफेस चालू करा. पिंग केलंत, म्हणजे पॅकेट पाठवून उत्तर परत यायला लागलेला वेळ मोजलात, की वेळ मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात येईल.

आता टीसीच्या नेटएम या भागाने दोन्ही टोकांना १० मिलिसेकंदांचा डिले लावा. पुन्हा पिंग करण्याआधी अंदाज लिहा. डिले फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेटला लागतो, म्हणून जाताना १० आणि येताना १०, एकूण २०. बहुतेक जण बरोबर २० लिहितात. पण एआरपीचा टेबल रिकामा करून पिंग केलंत तर पहिल्या ओळीत ४० च्या आसपास आकडा येतो आणि दुसऱ्या ओळीपासून २०.

हे वरचे २० कुठून आले? समोरच्याचा मॅक पत्ता माहीत नसल्यामुळे आयपी पॅकेट कर्नलमध्ये थांबून राहतं. आधी एआरपीचा प्रश्न जातो, उत्तर येतं, त्यात २० मिलिसेकंद जातात, आणि मगच पॅकेट निघतं. पिंगने मात्र घड्याळ आधीच सुरू केलेलं असतं. टीसीपीडम्प लावून हे डोळ्यांनी बघा. थोडा वेळ तसंच चालू ठेवलंत तर पाचेक सेकंदांनी दुसऱ्या बाजूकडूनही एआरपीचा प्रश्न येताना दिसेल. पहिल्या प्रश्नातून तिला आपला पत्ता फुकटात मिळाला होता, आता ती त्याची खात्री करून घेते. १९८२ च्या आरएफसी ८२६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) एआरपीची मूळ कल्पना आहे, ते काही पानांचंच आहे. हे बघून झाल्यावर लगेच वाचून काढा.

दुसरी पायरी: टीसीपी पकडून बघणं

त्याच दोन होस्टमध्ये आयपर्फ चालवा आणि पॅकेट पकडून वायरशार्कमध्ये उघडा. तीन पॅकेटांचा हँडशेक सगळ्यांना माहीत असतो, त्यावर वेळ घालवू नका. बघायच्या गोष्टी दोन आहेत.

पहिली, एका पॅकेटमध्ये डेटा किती? इथरनेटवर १,५०० बाइट. त्यातून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० वजा केले की १,४६० उरतात, आणि हँडशेकमध्ये जाहीर केलेला एमएसएसही (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) १,४६० च असतो. प्रत्यक्षात मात्र डेटा १,४४८ दिसतो. उरलेले १२ बाइट टाइमस्टॅम्पच्या ऑप्शनला जातात. ओरलला हा प्रश्न सहसा विचारत नाहीत, पण विचारायला हवा.

दुसरी गोष्ट जास्त गोंधळात टाकते. काही पॅकेटं १,५०० ची नसून चक्क ६० हजार बाइटांच्या पुढची दिसतात. टीसीपीडम्प खोटं बोलत नाही. कर्नल मोठा तुकडा एकत्रच खाली ढकलतो आणि तो कापायचं काम नेटवर्क कार्डावर सोपवतो, यालाच ऑफलोड म्हणतात. आपल्या खोट्या वायरीत कार्डच नाही, त्यामुळे तुकडा कापला जातच नाही. एथटूलने टीएसओ, जीएसओ आणि जीआरओ हे तिन्ही प्रकार बंद करा आणि पुन्हा पकडा. पुढचे सगळे प्रयोग ऑफलोड बंद ठेवूनच करायचे. का, ते लगेच कळेल.

तिसरी पायरी: फुगलेला बफर

अख्ख्या अभ्यासक्रमातून एकच प्रयोग करायचा असेल तर हा करा. याला बफरब्लोट म्हणतात, आणि सुरुवातीच्या व्हिडिओ कॉलच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं.

मिनिनेटमध्ये तीन गोष्टी मांडा: घरचा कॉम्प्युटर, मधला स्विच, पलीकडचा सर्व्हर. कॉम्प्युटर ते स्विच लिंक वेगवान ठेवा, १०० एमबीपीएस चालेल. तिच्यावर दोन्ही दिशांना १० मिलिसेकंदांचा डिले लावा. स्विच ते सर्व्हर लिंक १.५ एमबीपीएसवर बांधा आणि तिच्या तोंडाशी १०० पॅकेटांचा बफर, म्हणजे पॅकेटांना रांगेत थांबायची जागा, द्या.

डिले आणि बफर वेगवेगळ्या लिंकवर ठेवायला एक कारण आहे. नेटएममध्ये डिलेमुळे थांबलेली पॅकेटंही रांगेच्या मर्यादेत मोजली जातात. दोन्ही एकाच लिंकवर टाकलंत तर बफर नेमका किती आहे हे तुम्हालाच कळणार नाही. अरुंद लिंक थेट कॉम्प्युटरच्या इंटरफेसवरही लावू नका. एका कनेक्शनने स्वतःच्याच इंटरफेसवर फार रांग लावू नये म्हणून लिनक्समध्ये टीसीपी स्मॉल क्यूज नावाचा बंदोबस्त आहे, आणि त्यामुळे अख्खा प्रयोगच निकामी होतो. रांग स्विचमध्येच लागली पाहिजे.

मूळ प्रयोगाआधी नेटवर्क सांगितल्याप्रमाणे उभं राहिलंय का ते तपासा. पिंग २० मिलिसेकंद यायला हवं. आयपर्फचा वेग किती यावा? प्रत्येक फ्रेम १,५१४ बाइटांची आणि त्यात कामाचा डेटा १,४४८, म्हणून १.५ ला या प्रमाणाने गुणा. १.४३ एमबीपीएस येतं. यापेक्षा बरंच वेगळं आलं तर पुढे जाऊ नका, आधी कारण शोधा.

आता वहीत हिशेब करा. १०० पॅकेटं, प्रत्येकी १,५०० बाइट, म्हणजे १२ लाख बिट. १.५ एमबीपीएसच्या लिंकला ते रिकामे करायला ०.८ सेकंद लागतात. अपलोड चालू असताना पिंगचा वेळ २० वरून ८२० मिलिसेकंदांच्या घरात जायला हवा.

टीसीपीचा अल्गोरिदम रेनोवर ठेवा. लिनक्स मुळात क्युबिक वापरतं, पण रेनोचा करवतीच्या दात्यांसारखा आलेख हिशेबाला सोपा पडतो. कॉम्प्युटरकडून सर्व्हरकडे आयपर्फ सोडा, शेजारी पिंग चालू ठेवा, आणि दर १०० मिलिसेकंदांनी एसएसमधून कंजेशन विंडोचा (पोचपावती न येता एका वेळी किती पॅकेटं वाटेत असू शकतात त्याचा) आकडा फाइलमध्ये टिपत राहा. काही मिनिटं चालू द्या. मग वेळेप्रमाणे विंडो, रांगेतली पॅकेटं आणि पिंग, असे तीन आलेख एकाखाली एक काढा. तिन्हींचा आकार एकच आहे हे दिसेल. विंडो वाढते, रांग वाढते, पिंग वाढतं. बफर भरून पॅकेट पडलं की विंडो निम्मी होते आणि पुन्हा चढायला लागते.

पिंग १,६०० च्या आसपास गेलं तर बहुधा ऑफलोड बंद करायचा राहिलाय. रांग पॅकेटं मोजते, बाइट नाही. दोन-दोन पॅकेटांचे तुकडे एकत्र जात असतील तर १०० ची रांग प्रत्यक्षात २०० ची होते.

आता बफर १०० ऐवजी २० करा. नवीन अंदाज: २० पॅकेटांना १६० मिलिसेकंद. अपलोडचा वेग किती घटेल? बहुतेक जण इथे भलताच आकडा लिहितात, कारण बफर जितका मोठा तितकं नेटवर्क चांगलं अशी समजूत असते. लिंक सतत भरलेली ठेवायला एका कनेक्शनला लागणारा बफर म्हणजे वेग गुणिले राउंड ट्रिपचा वेळ. १.५ एमबीपीएस गुणिले २० मिलिसेकंद म्हणजे ३०,००० बिट, म्हणजे ३,७५० बाइट. अडीच पॅकेटं! आपण १०० दिली होती. टोलनाक्याच्या अलीकडे गाड्या उभ्या करायला आणखी चार किलोमीटर रस्ता दिला म्हणून नाक्यावरून गाड्या लवकर सुटत नाहीत. २० पॅकेटांवर अपलोडचा वेग जवळपास तसाच राहतो आणि पिंग एकदम खाली येतं.

साध्या रांगेच्या जागी एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळायची पद्धत लावून तिसऱ्यांदा चालवा. ते प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतं, त्यामुळे पिंगला अपलोडच्या मागे थांबावं लागत नाही. तरीही पिंग नेमकं २० येणार नाही. एक पूर्ण पॅकेट या लिंकवरून जायलाच ८ मिलिसेकंद लागतात, आणि ते निघालेलं असेल तर पिंगला तेवढं थांबावंच लागतं. त्यातल्या कोडेलचं मूळ लक्ष्य रांगेतला उशीर ५ मिलिसेकंदांवर ठेवायचं असतं. म्हणजे इतक्या हळू लिंकवर एकटं पॅकेटही त्या लक्ष्यात बसत नाही. लक्ष्य १५ करून बघा आणि काय बदललं ते लिहा.

चौथी पायरी: शोधनिबंध निवडणं

आता मूळ कामाला लागायचं. निबंध निवडताना अख्खा निबंध नाही, त्यातला एक आलेख निवडायचा. वेग काहीशे एमबीपीएसच्या आत मावणारा हवा, कारण सगळं नेटवर्क तुमच्या एकाच प्रोसेसरवर चालणार आहे. खास हार्डवेअर किंवा एखाद्या कंपनीचा ट्रॅफिक लागणारे निबंध बाजूला ठेवा.

नवख्यांना झेपतील असे काही आहेत. स्टीफन सॅव्हेज आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा निबंध: पॅकेट घेणारा लबाड असेल तर पाठवणाऱ्याला फसवून जास्त वेग कसा उकळू शकतो. गुगलमधल्या मंडळींचा २०१० चा निबंध: टीसीपीची सुरुवातीची विंडो १० पॅकेटांची करावी. तो २०१३ मध्ये आरएफसी ६९२८ झाला. अ‍ॅपेनझेलर, केस्लासी आणि मॅकिओन यांचा २००४ चा निबंध: बऱ्याच प्रवाहांच्या लिंकला वरच्या सूत्राच्या बफरला प्रवाहांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं तरी पुरतं. तिसरी पायरी नीट झाली असेल तर हा तिचाच पुढचा भाग आहे, पण शेकडो प्रवाह चालवताना लॅपटॉप धापा टाकतो.

माझी पसंती अलेक्सांदर कुझ्मानोविच आणि एडवर्ड नाइटली यांच्या २००३ च्या 'श्रू' हल्ल्याच्या निबंधाला. कल्पना विलक्षण आहे. हल्लेखोर सतत ट्रॅफिक ओतत नाही. ठरावीक अंतराने छोटासा झटका देतो, तेवढ्यात टीसीपीची बरीच पॅकेटं पडतात आणि ते टाइमआउटमध्ये जातं. किमान टाइमआउट एक सेकंद धरला, तर सेकंदाने टीसीपी पुन्हा पाठवायला उठतं आणि नेमका त्याच क्षणी पुढचा झटका बसतो. मग ते दुप्पट वेळ थांबतं, आणि उठल्यावर पुन्हा तेच. झटक्यांमधलं अंतर आडव्या अक्षावर आणि टीसीपीचा थ्रूपुट उभ्या अक्षावर घेतला, तर एक सेकंदाला आणि अर्ध्या सेकंदाला खोल खड्डे दिसायला हवेत.

आपल्या १.५ एमबीपीएसच्या लिंकवर बफर पाच-सहा पॅकेटांचा ठेवा. तिसऱ्या होस्टवरून ३ एमबीपीएस वेगाने १०० मिलिसेकंद यूडीपी (पोचपावतीची वाट न बघणारा प्रोटोकॉल) सोडा, मग शांत, आणि दर सेकंदाला हेच करा. सरासरी काढली तर हल्ला ०.३ एमबीपीएसचा, म्हणजे लिंकच्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याएवढा. अंतर अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत बदलत न्या. प्रत्येक अंतराला निदान मिनिटभर चालवा आणि पुन्हापुन्हा चालवून मध्यक घ्या.

पहिल्या फेरीत निबंधातला आलेख येत नाही. खड्डे जागेवर नसतातच. हीच प्रयोगाची खरी मजा आहे. एसएसमध्ये आरटीओचा, म्हणजे टाइमआउटच्या वेळेचा, आकडा बघा: २२० च्या आसपास दिसेल. लिनक्स किमान २०० मिलिसेकंद धरतं आणि त्यात राउंड ट्रिपचे २० मिळवतं. आपण मात्र एक सेकंद गृहीत धरून खड्डे शोधत होतो. रूटिंग टेबलमधल्या नोंदीत किमान आरटीओ एक सेकंद करता येतो. तसं करून पुन्हा चालवा. तरीही खड्डे उथळ वाटले तर आठवा, की २००३ नंतर लिनक्सच्या टीसीपीत टेल लॉस प्रोबसारख्या गोष्टी आल्या, ज्या टाइमआउट होऊच नये म्हणून धडपडतात. त्या एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी वेगळा आलेख काढा. जुना आलेख हुबेहूब आला त्यापेक्षा तो कोणत्या कारणाने आला नाही हे दाखवता आलं, तर ते काम जास्त मोलाचं.

एक ताकीद. हे फक्त मिनिनेटच्या आत. कॉलेजच्या किंवा सोसायटीच्या वायफायवर असलं काही सोडलंत तर २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लागू होतात, आणि "प्रोजेक्ट होतं" ही सबब तिथे चालत नाही.

कोड लिहायची हौस असेल तर

स्टॅनफर्डच्याच सीएस १४४ मध्ये विद्यार्थी सी प्लस प्लसमध्ये स्वतःचं टीसीपी लिहितात: आधी बाइटांचा प्रवाह, मग उलटसुलट आलेले तुकडे जुळवणारा भाग, मग रिसीव्हर, सेंडर, एआरपीवाला इंटरफेस आणि शेवटी राउटर. सगळ्यात जास्त डोकं खातात ते सीक्वेन्स नंबर. ते ३२ बिटांचे असतात, म्हणजे चार जीबी डेटा गेला की पुन्हा शून्यावर येतात. एक जीबीपीएसच्या लिंकवर हे जेमतेम ३४ सेकंदांत होतं. हा कोड लिहिताना १९८१ चं आरएफसी ७९३ नको, त्याच्या जागी २०२२ मध्ये आलेलं ९२९३ उघडा.

पाचवी पायरी: रूटिंग

मिनिनेटमध्ये एकाच मालकाचं नेटवर्क असतं. इंटरनेट मात्र हजारो मालकांचं आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात वर्ग मिळून एक छोटं इंटरनेट चालवतो. प्रत्येक गट एक स्वायत्त नेटवर्क सांभाळतो आणि शेजारच्या गटांशी बीजीपीने (नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग सांगायचा प्रोटोकॉल) जोडणी करतो. त्यांचं सॉफ्टवेअर खुलं आहे. मित्रमैत्रिणी जमत असतील तर तेच वापरा. एकटे असाल तर चार कंटेनरमध्ये एफआरआर हे राउटिंग सॉफ्टवेअर टाका आणि २४ फेब्रुवारी २००८ ची घटना पुन्हा घडवा.

त्या दिवशी यूट्यूब २०८.६५.१५२.० हा /२२ चा पत्त्यांचा पट्टा जाहीर करत होतं (स्लॅशनंतरचा आकडा जितका मोठा तितका पट्टा लहान आणि नेमका). पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब अडवण्यासाठी त्यातला २०८.६५.१५३.० हा /२४ चा तुकडा जाहीर केला आणि तो बाहेरच्या जगात निसटला. राउटर नेहमी जास्त नेमका पट्टा निवडतात, त्यामुळे जगभरातला ट्रॅफिक तिकडे वळला. यूट्यूबनेही /२४ जाहीर केला, मग /२५ चे दोन तुकडे. तुमच्या चार राउटरांवर खासगी पत्ते घेऊन हे तिन्ही टप्पे चालवा. यूट्यूबने /२४ जाहीर केल्यावर चारांपैकी कोणते राउटर परत येतील आणि कोणते नाही, ते आधी वहीत लिहा. उत्तर एएस मार्गाच्या लांबीत, म्हणजे वाटेत किती स्वायत्त नेटवर्क लागतात त्यात, आहे.

खऱ्या नेटवर्कवर

मधल्या काळात घरच्या कनेक्शनवरून ट्रेसराऊट (पॅकेट कोणकोणत्या राउटरांवरून जातं ते दाखवणारी आज्ञा) करत राहा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ अंतर सुमारे ६,५०० किलोमीटर, म्हणून राउंड ट्रिप ६५ मिलिसेकंदांखाली येऊच शकत नाही. तुम्हाला त्याहून बरंच जास्त दिसेल, कारण समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही. ६५ पेक्षा कमी दिसलं तर तो सर्व्हर फ्रँकफर्टमध्ये नाही, मग वेबसाइट काहीही म्हणो. मार्गात १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्ता दिसला तर समजा की कंपनीने तुमच्यासारखी बरीच घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवली आहेत.

लिहून काढणं

अहवाल दोन-तीन पानांचा पुरे: मूळ आलेख काय सांगतो, तुमचा अंदाज, तुमचा आलेख, आणि फरकाचं कारण. कर्नलची आवृत्ती, ऑफलोडची स्थिती, टीसीपीचा अल्गोरिदम आणि बदललेली प्रत्येक सेटिंग लिहा. एका आज्ञेत सगळं चालून शेवटी आलेखाची फाइल तयार व्हायला हवी. मग कोड अशा कुणाकडे द्या ज्याने तुमचा प्रयोग पाहिलेला नाही, आणि शेजारी उभं राहून मदत करू नका. त्यांच्याकडे वेगळा आलेख आला तर आधी त्या मशीनचा प्रोसेसर प्रयोगाच्या वेळी पूर्ण व्यापलेला होता का ते बघा. तसं असेल तर मिनिनेट लिंकचे वेग पाळू शकत नाही. ही तपासणी स्क्रिप्टमध्येच घाला: आधी पिंग, मग आयपर्फ, आणि आकडे जुळले तरच प्रयोग सुरू.